नलूसाठी, ‘बाबत’ न लावता

बसा, बसा गो बायांनो. ज्यांना खुर्ची मिळाली नाही त्यांनी पेटी उलटी घालून बसा. ती कोपऱ्यातली मात्र नको. तिची खालची पट्टी सुटलीय, बसणारा आपटेल. आणि शोकसभेत हसू आलं की ते दाबता येत नाही. नलूला तर मुळीच दाबता आलं नसतं.

झाईची मंडळी, डहाणूची मंडळी, कासा-रानशेताहून जीप भरून आलेल्या माझ्या बाया, तलासरीचे पाव्हणे, सगळ्यांना नमस्कार. नलूचे दादा-वहिनी पुढं बसलेत. त्यांच्या तोंडाकडे बघून मला बोलता यायचं नाही, म्हणून मी मागच्या भिंतीकडे बघून बोलेन. वाईट वाटून घेऊ नका.

कसं बोलू? माझ्या आधी शाळेचे सर बोलले. छान बोलले, कागदावर लिहून आणलं होतं. ‘कैलासवासी नलिनीताई’ म्हणाले. मी इकडं तिकडं बघितलं, ही कोण नलिनीताई? मग फोटोकडे लक्ष गेलं. आपली नलूच की. फोटोत बघा कशी गप्प बसलीय. जिवंतपणी एवढा वेळ गप्प बसलेली मी तिला कधी बघितली नाही.

मला ओळखत नसतील त्यांना सांगते. मी हिरा, हिराकाकी म्हणतात. तिसरी शिकले, तीही पुरती नाही. या शेडमध्ये चिकू धुवायचे, निवडायचे, पेटीत भरायचे, हे माझं काम. आणि मी तेजलची आजी. हे मी सगळ्यांना सांगते, विचारलं नसलं तरी सांगते. ती बघा, खांबाला टेकून बसलीय, ती तेजल. डहाणूच्या कॉलेजात जाते, आणि आमच्या बायकांच्या गटाचे सगळे ईमेल तीच पाठवते. रडू नको गो. मी अजून सुरुवातच केली नाही.

आता मी का उभी राहिले ते आधीच सांगून टाकते. कारण मी झाईहून बोलायला निघते ती कासा गाठते, आणि मग परत यायला जीप मिळत नाही.

मंडळी, नलू गेल्यापासून आपल्या गिऱ्हाइकांना एकही निरोप गेलेला नाही. झाडावर फळ तयार आहे. मुंबईची घरं विचारतात, वापी-उंबरगावची विचारतात, पेटी कधी? निरोप गेला तर मागणी येईल आणि शुक्रवारी पेट्या निघतील. नाही गेला तर उद्या सगळं फळ हायवेवरच्या व्यापाऱ्याला. आणि आपल्यातल्या दोघी आत्ताच म्हणायला लागल्यात, की हे ईमेलचं प्रकरण आता मिटवू या, नलू होती तोवर चाललं. का जात नाही निरोप? आतलं सगळं लिहून तयार आहे. वरची एक ओळ अडलीय. विषयाची ओळ. तेजलला विषय सुचत नाही. एवढ्याशा ओळीपाशी आपला गट अडकून बसलाय. म्हणून मी उभी आहे.

विषय म्हणजे काय, ते माझ्यासारख्या बायांना सांगते. मलाही ठाऊक नव्हतं. नलू पहिल्यांदा म्हणाली, ‘काकी, तुमचा विषय चुकलाय,’ तेव्हा मी म्हटलं, ‘बाय, माझे सगळेच विषय चुकले, म्हणून तर शाळा सुटली.’ ईमेल म्हणजे बंद घर. आत काय आहे ते बाहेरून दिसत नाही. दारावर एक ओळ असते. ती वाचून माणूस ठरवतो, दार उघडायचं की पुढं जायचं. तो विषय.

आणि आमचं दार कुणी उघडत नव्हतं. त्या यंत्रात दिसतं म्हणे, कुणी उघडलं नि कुणी नाही. तेजल रोज बघायची आणि तोंड पाडून बसायची. चिकू चांगला, पेटी चांगली, लिहिणारी तर माझी नात, मग उघडत का नाहीत?

त्याच सुमाराला नलू मुंबईची नोकरी संपवून माहेरच्या घरी राहायला आली. आयुष्यभर तिनं कंपन्यांच्या गिऱ्हाइकांना लिहायचं काम केलं. एका कंपनीत पंखे होते, एकीत पंप, एकीत आणि काय. ती म्हणायची, ‘काकी, विकायची वस्तू बदलत गेली, वरच्या ओळीची काळजी तीच.’ तर ती इथं चिकू घ्यायला आली. तेजलचं तोंड बघितलं. म्हणाली, ‘दाखव बघू काय लिहितेस.’

तेजलनं दाखवलं. मला पाठ आहे ती ओळ, कारण मला तेव्हा तिचा फार अभिमान होता. ‘झाई येथील महिला गटामार्फत उत्पादित दर्जेदार चिकू उपलब्ध असल्याबाबत.’

नलूनं ओळ वाचली. मग विचारलं, ‘किती मार्क मिळाले होते?’

‘कशात?’

‘मराठीत. औपचारिक पत्राला. पैकीच्या पैकी असणार.’

तेजल लाजली. ‘हो.’

‘तिथंच घोळ झाला,’ नलू म्हणाली. ‘शाळेत आपल्याला शिकवतात, विषय, दोन टिंबं, आणि शेवटी बाबत. रजा मिळणेबाबत. नळजोडणी मिळणेबाबत. अगं पोरी, बाबत लावलं की माणसाला वाटतं पाणीपट्टीची नोटीस आली. नोटीस कोण हौसेनं उघडतो?’

मग तिनं आपला फोन काढला. म्हणाली, ‘आणि फोनवर पुरती ओळ दिसतच नाही. हे बघ काय दिसतं.’ तिथं होतं, ‘झाई येथील महिला गटामार्फत उत्पा’, आणि पुढं तीन टिंबं.

‘काकी,’ नलू मला म्हणाली, ‘उत्पा म्हणजे काय वाटतं तुम्हाला?’

मी म्हटलं, ‘उत्पात.’

त्या दिवशी ती पहिल्यांदा या शेडमध्ये हसली. तुम्ही ऐकलंय तिचं हसू. पत्रे वाजायचे.

तेजलला राग आला होता, मला दिसत होतं. पैकीच्या पैकी मार्क मिळालेल्या माणसाला राग येणारच. नलूला ते कळलं. तिनं तिला काही शिकवलं नाही त्या दिवशी. माझ्याकडे वळली. म्हणाली, ‘काकी, चिकूच्या आधी तुम्ही काय विकायचात?’

आता हे रानशेतच्या बायांना माहीत आहे. मी सुकी मासळी विकायची. झाईहून टोपली घेऊन निघायची, कासा करायची, मग पाड्यापाड्यांतून रानशेतापर्यंत. बोंबील, मांदेली आणि जवळा. टोपली जड, रस्ता चढाचा, आणि कुत्री! एक काळं कुत्रं होतं, ते माझ्या मागं पार ओढ्यापर्यंत... जाऊ दे. तेजल हात हलवतेय. कुत्रं नको म्हणते.

नलूनं विचारलं, ‘दारात गेलात की काय ओरडायचात?’

मी म्हटलं, ‘ओरडायचं काय त्यात? जवळा घ्या गो, वाळू नाही!’

नलू एकदम थांबली. ‘परत म्हणा.’

‘जवळा घ्या गो, वाळू नाही.’

‘तेजल, ऐकलंस? काय आहे ते आधी. आणि घेणारीच्या मनात जी भीती आहे, तिचं उत्तर लगेच पाठीला. तुझी आजी सुक्या मासळीच्या विक्रीबाबत, असं ओरडली असती, तर कोण आलं असतं दाराशी?’

‘कुत्रं,’ तेजल म्हणाली.

बघा, हसली ना माझी नात. तेव्हाही अशीच हसली होती, आणि राग गेला होता. पण मी फुगून जाऊ नये म्हणून नलूनं मला लगेच विचारलं, ‘काकी, कधी दार उघडलं नाही, असंही झालं असेल की.’ झालं होतं. एक वर्ष माझ्या पुढं दुसरी एक बाई त्याच वाटेनं यायची. तीही ओरडायची, वाळू नाही, वाळू नाही. आणि तिच्या जवळ्यात असायची वाळू. कचकच लागायची दाताखाली. मग काय झालं? तिची दारं बंद झालीच, माझीही झाली. हाक तीच ना. पाड्यावरच्या बाया आतूनच म्हणायच्या, ऐकलं ऐकलं, जा पुढं. माझी टोपली कित्येक दिवस भरलेली परत आली.

नलू हसली नाही तेव्हा. म्हणाली, ‘वर जे लिहिलं ते आत निघालं पाहिजे. नाहीतर तुमचंच नाही, सगळ्या विकणाऱ्यांचं दार बंद होतं.’ पेट्या भरणाऱ्या बायांना हे वेगळं सांगायला नको. वरच्या थरात मोठे चिकू आणि खाली बारके, अशी पेटी एकदाच विकता येते.

मग दोघी बसल्या. चिकू कच्चाच उतरवतात, दगडासारखा असतो, घरी तीन-चार दिवसांनी पिकतो. आपल्याला माहीत आहे. मुंबईच्या माणसाला काय ठाऊक? तो पेटी आली की दाबतो. सकाळी दाबतो, संध्याकाळी दाबतो, पाव्हणा आला की त्यालाही दाबायला देतो. चिकू बिचारा पिकायच्या आधी काळा पडतो, आणि मग आपल्याला तक्रार येते. तेजलनं त्यांच्यासाठी लिहिलं होतं, ‘फळांच्या योग्य साठवणुकीबाबत.’ कुणी उघडलं नाही. नलूनं विचारलं, ‘तू गिऱ्हाइकाच्या घरात उभी असतीस तर काय म्हणाली असतीस?’ तेजल म्हणाली, ‘अहो, दाबू नका!’

तेच गेलं. ‘पेटी आली? अजून दाबू नका.’

मंडळी, लोकांनी उघडलं हो. दादरच्या एका बाईचं उत्तर आलं, ‘तुम्हाला कसं कळलं? आत्ता हातातच होता.’ तेजल ते उत्तर घेऊन पळत शेडमध्ये आली आणि मला तीनदा वाचून दाखवलं. मी चौथ्यांदा वाचायला लावलं. तक्रारी कमी झाल्या, आणि घरोघरचे चिकू सुखानं पिकले.

आता भावेश. भावेश, मान खाली घालू नको, तुझं नाव मी घेणारच होते. हा आपला टेम्पो चालवतो, गुजराती गिऱ्हाइकांशी बोलतो, कामाला वाघ आहे. पण बोलायला लागला की वाघाचे दोन वाघ करतो. त्याला नलूचा विषय फिका वाटायचा. म्हणाला, ‘ताई, मार्केटिंग जोरात पाहिजे.’ एकदा नलू मुंबईला गेली होती, तर यानं तेजलकडून लिहून घेतलं, ‘घाई करा!!! शेवटची संधी!!!’ आणि पुढं जाळाची चित्रं. जाळाची! चिकूला! मी म्हटलं, अरे चिकू आहे की वणवा?

नलू परत आली. भावेशला म्हणाली, ‘शेवटची संधी होती ना गेल्या आठवड्यात? मग ह्या आठवड्यात काय लिहायचं?’

हा म्हणाला, ‘शेवटची संधी.’

‘दर आठवड्याला शेवटची?’

‘ताई, दर आठवड्याला नवीन चिकू असतो ना.’

तिनं त्याला आपला फोन दाखवला. म्हणाली, ‘तुझा निरोप माझ्याकडे कुठं आला ते बघ. फोनच त्याला कचऱ्यात टाकतो. हे बघ, लॉटरी लागली म्हणणारे इथं आहेत, टक्कल घालवणारे इथं आहेत, आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून आपला चिकू बसलाय.’ त्यानंतर भावेशनं उद्गारचिन्ह टाकलेलं मी बघितलं नाही. पण खरं सांगते, नलूला हा फार आवडायचा. म्हणायची, ‘काकी, याच्यात दम आहे, नुसता थोडा आवाज कमी करायचाय.’

आणि माझी कोंबडी. आता काही जण हसायलाच लागले. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, तेजल नको म्हणाली तरी सांगते. तेजलची परीक्षा होती. मला म्हणाली, ‘आजी, आतलं मी लिहून ठेवलंय, तू फक्त विषय फोनमध्ये बोल, तो आपोआप लिहील, आणि बाण दाब.’ मी फोन तोंडाशी धरला. बोलले, ‘चिकू गोड झालेत, ह्या आठवड्यात मागवा.’ आणि तेवढ्यात कोंबडी चढली धुतलेल्या चिकूंवर. मी ओरडले, ‘हाड हाड, उतर मेले, सगळं घाण करशील.’ आणि दाबला बाण.

सगळं गेलं. मुंबईला गेलं, वापीला गेलं. ‘चिकू गोड झालेत ह्या आठवड्यात मागवा हाड हाड उतर मेले सगळं घाण करशील.’ आजवर कुठलाच निरोप इतक्यांनी उघडला नव्हता. कॉलेजातली पोरं कठीण काही असलं की म्हणतात ना, विषय हार्ड आहे? तेव्हापासून आपली पोरं मला म्हणतात, काकींचा विषय हाड आहे.

मी तर खूश. नलूला म्हटलं, ‘दर आठवड्याला कोंबडी घालू या.’ ती डोळे पुसत म्हणाली, ‘काकी, एकदा हसतील. दुसऱ्यांदा म्हणतील, ह्यांच्या चिकूवर कोंबड्या बसतात.’ आणि त्याच दिवशी दुसरा निरोप पाठवायला लावला. ‘कोंबडी हाकलली. चिकू पुन्हा धुतले.’ तोही सगळ्यांनी उघडला. ती अशी होती. हसायची पोटभर, पण गिऱ्हाइकाच्या मनात एक कण वाळू राहू द्यायची नाही.

मग ती आजारी पडली. ते मी फार सांगत नाही, दादा-वहिनींनी केलं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. ओटीवर तिची खाट होती. तेजल रोज जायची, ओळ वाचून दाखवायची, आणि नलू नुसता हात हलवून सांगायची, बरी आहे, नाही, लांबली.

आणि यंदा पाऊस लांबला, तुम्हाला माहीत आहे. फळ गळलं. राहिलं ते लहान राहिलं. आता गिऱ्हाइकाला काय सांगायचं? भावेश म्हणाला, ‘लहान शब्द नको. खास म्हणू या.’ कुणी म्हणालं, काहीच सांगू नका. तेजल नलूच्या खाटेशी बसली. ‘ताई, तुम्ही सांगा ना ह्या वेळी.’

नलू म्हणाली, ‘मी नाही सांगत. मी गिऱ्हाईक. तू मला पाठव. मी उघडते का बघ.’

एक गोष्ट सांगायची राहिली. आपला प्रत्येक निरोप सगळ्यांना जायच्या आधी एकट्या नलूला जायचा, तपासायला. यादीत पहिलं नाव तिचं. इथं झाईत फोनलाही कधी कधी कळत नाही आपण महाराष्ट्रात की गुजरातेत, रेंज येते नि जाते, पण नलूच्या ओटीवर यायची. तर तेजल उठून पायरीवर जाऊन बसली. किती वेळ बसली. मी आपली शेंगा सोलत होते, बघत नव्हते, बघतही होते. मग नलूच्या उशीशी फोन वाजला. टिंग. नलूनं तो हळूच उचलला, डोळ्यांजवळ नेला. वर लिहिलं होतं, ‘यंदा चिकू लहान. गोडी तीच.’

नलू म्हणाली, ‘उघडलं.’

एवढंच म्हणाली. पण मी आजी आहे, मला विचारा, माझ्या नातीचं तोंड तेव्हा कसं झालं होतं. शाळेतल्या पैकीच्या पैकीला तसं झालं नव्हतं.

तो निरोप गेला आणि लोक नाही म्हणाले नाहीत. दादरची बाई म्हणाली, लहानच बरे, नातवंडांच्या हातात मावतात. उंबरगावच्या एका काकांनी एकच शब्द लिहिला, ‘मोकलो.’ गुजरातीत मोकलो म्हणजे पाठवा. नलूला तो शब्द फार आवडला. ‘बघा काकी, अख्खी मागणी एका शब्दात.’ खाटेवर पडल्या पडल्या दोन दिवस ती सगळ्यांना मोकलो म्हणत होती. औषध आणलं तरी मोकलो.

मग ती गेली.

तिचे दिवस व्हायच्या आत तेजल फोन घेऊन बसली, कळवायला तर हवं. गिऱ्हाइकांच्या शंकांना उत्तरं नलूच लिहायची ना, ते तिला ओळखत होते. मी मागून बघितलं. मला अक्षरं भरभर लागत नाहीत, पण बाबत मी लांबून ओळखते. दोन पोटं आणि एक शेपटी. तेजलनं लिहिलं होतं, ‘नलिनीताईंच्या दुःखद निधनाबाबत.’

मी सांगायच्या आत तिचंच तिला दिसलं. म्हणाली, ‘आजी, मग काय लिहू? मयताच्या निरोपावर चिकू गोड लिहू?’ खरं आहे तिचं. वर नुसतं चिकू लिहिलं आणि आत मयताची बातमी निघाली, तर ती वाळूच झाली. आणि वर नुसती नलू गेली लिहिलं, तर लोक म्हणतील संपलं सगळं, आता कसली पेटी. तिनं पुसलं. तेव्हापासून ती ओळ कोरी आहे.

मीही रोज विचार करतेय. मला कुठं विषय लिहिता येतो, मला फक्त हाक मारता येते. मी म्हटलं, आपण हा निरोप दारात घेऊन गेलो असतो तर कसा सांगितला असता? आणि आत्ता सर बोलत होते तेव्हा मला आठवलं. खोटं नाही सांगत, इथं बसल्या बसल्या आठवलं.

आपल्याकडे मयताचा सांगावा घेऊन येणारा माणूस आत येत नाही. बरोबर ना? चप्पल काढत नाही, पाणी घेत नाही. उंबऱ्याबाहेरून सांगतो आणि पुढच्या दाराला जातो. त्या दिवशी माझ्या दारात कोण आलं? भावेश आला. हाच, दोन वाघवाला. मी म्हटलं, ये, बस. तो बसला नाही. म्हणाला, ‘काकी, नलूताई गेल्या. दुपारी न्यायचंय.’

बस. एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. कोण गेलं, आणि आता आपण काय करायचं. ऐकलं आणि मी पदर खोचून निघाले. सांगावा असाच असतो, कारण ऐकणाऱ्याला रडायचंही असतं आणि निघायचंही असतं. अरे मेल्या भावेश, तुला येतं की रे! नलूला कळलं असतं तर तिनं तुला... नाही. जाऊ दे. थांबा जरा.

पाणी नको. झालं. ठीक आहे मी.

तर तेजल, मी एवढंच सांगायला उभी राहिले. कोण गेलं. आणि आता काय करायचं. ओळ मी सांगणार नाही. नलूनं सांगितली नव्हती, मी कोण सांगणारी? आम्ही सगळे गिऱ्हाईक. तू बोल, आम्ही उघडतो का बघ.

काय? मोठ्यानं बोल गो. मागच्या बायांना ऐकू जाऊ दे. उभी राहा.

ऐकलंत? नाही ऐकलं तर मी सांगते. ती म्हणाली, ‘नलूताई गेल्या. पेट्या शुक्रवारी निघतील.’

भावेश, टेम्पो आहे ना शुक्रवारी? मान हलवली, बघा सगळ्यांनी. आणि बायांनो, शुक्रवारी निघतील म्हटलं की निघाल्या पाहिजेत. वर लिहिलंय. व्यापाऱ्याला द्यायचं म्हणणाऱ्या दोघी कुठं आहेत? हां. तुम्ही गुरुवारी सकाळी माझ्याबरोबर चिकू धुवायला. हात वर करा. दिसला, दिसला.

नलू, तू आम्हाला काय दिलंस ते मला नीट सांगता येत नाही. तुझ्यामुळं चिकू विकले, ते आहेच. पण माझी नात लोकांच्या दाराशी उभी राहून स्वतःच्या आवाजात हाक मारायला शिकली. मी टोपली घेऊन रानशेतापर्यंत जायची, तिची हाक कुठवर जाते ते मला इथून दिसतसुद्धा नाही. तुला माझा नमस्कार. तू लहान आहेस माझ्याहून, तरी नमस्कार.

आता उभे राहा सगळे. दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. अशा वेळी सांगतात, फोन बंद करा. मी सांगते, बंद करू नका. तुमच्यातल्या कितीतरी जणांची नावं आपल्या यादीत आहेत, माझंही आहे, नलूनंच घातलं होतं. ह्या दोन मिनिटांत तेजल निरोप पाठवील. फोन वाजले तर वाजू द्या. रेंज नसेल त्यांनी कुंपणापाशी जाऊन उभं राहा, पण गुपचूप.

आणि यादीत पहिलं नाव अजून नलूचंच आहे. ते आज काढायचं नाही. पहिला निरोप तिला जाईल, तिच्या उशीशी वाजेल, आणि आज ती उघडणार नाही.

तुम्ही उघडा.

पाठव गो, तेजल.